खिडकीतला खडा

१

आमच्या घराची पहिली पायरी चुकलेली आहे. वरच्या दोन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या आणि ही नऊची. घर बांधलं तेव्हा बाबा रजा काढून मिस्त्रीच्या डोक्यावर उभे होते, तरी चुकली. उभे होते म्हणूनच चुकली, असं आई म्हणायची. पुढे बाबांनी ती कधी फोडू दिली नाही. त्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस हमखास ठेचकाळतो. आधी अंगठा आपटल्याचा ठप्प आवाज, मग चप्पल घसरल्याचा, मग बहुतेक 'अरे बाप्पा'. आतून बाबा म्हणायचे, "पाव्हणे आले. चहा ठेवा."

घरचं माणूस तिथे ठेचकाळत नाही. पाचव्या वर्षापासून माझा पाय तिथे आपोआप जास्त उचलला जातो. अकोल्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवते, तिथल्या जिन्याची पहिली पायरीही मी उगाच उंच पाय टाकून चढते, आणि पोरी हसतात.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. ड्युटीवर डाव्या पायाला मार लागला, तेव्हापासून ती चप्पल घासत चालायचे. निवृत्तीनंतर रोज दुपारी जेवण झालं की डोक्याला दुपट्टा बांधून चौकातल्या वाचनालयात जायचे आणि सव्वातीनला परत यायचे. मे महिन्यातही. आधी फाटकाची कडी वर उचलल्याचा आवाज, कारण आमची कडी उचलल्याशिवाय ओढली जात नाही. मग सर्र-टप, सर्र-टप. मग तीन पायऱ्या, बिनचूक. मग दारावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक. बेल होती, पण ती पाहुण्यांसाठी, असं त्यांचं म्हणणं. शिवाय बेलला मी दचकायचे.

मी दचकते, हे आधीच सांगून ठेवते. कुकरच्या शिट्टीला दचकते, पाठीमागून हाक मारली तर दचकते. म्हणून माझ्या कानांवर कोणी विश्वास ठेवत नाही. मीही फारसा ठेवत नाही.

२

बाबा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. चार दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी तोंडावर मास्क असताना त्यांनी मला अंगठा ओठाशी नेऊन दाखवला. पाणी. नर्सनं सांगितलं होतं, थेंबही द्यायचा नाही, फुप्फुसात जाईल. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा अंगठा नेला. मी दुसरीकडे पाहिलं.

गेल्यावर तुळशीपत्रावरून पाणी सोडलं, ते गालावरून कानात गेलं.

मग दवाखान्याच्या जिन्याखालीच ठरवाठरवी सुरू झाली. लाकडं की गॅस. मडकं कोण धरणार. राख आज घ्यायची की तिसऱ्या दिवशी सावडायला जायचं. माणूस गेला की रडायला वेळ मिळेल असं मला वाटायचं. मिळत नाही, तुम्हाला दर दहा मिनिटांनी काहीतरी निवडावं लागतं.

बाबांनी सांगून ठेवलेलं होतं. कॉलनीच्या रस्त्यावरचे अकरा कडुनिंब त्यांनी लावलेले. माझ्यासाठी लाकूड जाळू नका, गॅसवर न्या, आणि मडकं रागूनं धरायचं. रागू म्हणजे मी, रागिणी. आई फक्त एवढंच म्हणाली की त्यांचा शब्द आहे. कौसल्या आत्या, बाबांची मोठी बहीण, अकोल्याहून टॅक्सी करून आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं मान पुसली.

"लाकडावर माणूस जाते, पोरी," ती म्हणाली. "भट्टीत विटा भाजतात."

माझा चुलतभाऊ गोपाल खाली मान घालून मोबाईल पाहत राहिला. मडकं त्याच्याकडे जाईल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

"बापाचं आहे, बापानं सांगतलं, करा," आत्या म्हणाली. "पण अर्ध्यात काही चुकलं त मंग माह्याकडे रडत नको येजो."

३

गॅसदाहिनी शहराच्या कडेला आहे, नवीन. आत पांढऱ्या चकचकीत फरशा, भिंतीला पंखे, एका बाजूला लोखंडी रुळांवरची ट्रॉली आणि तिच्या समोर वर सरकणारं दार. बाहेर पुढचं प्रेत थांबलेलं होतं. ट्रकमधून उतरलेली माणसं आमच्याकडे पाहत होती.

विधी सांगायला आलेले महाराज घाईत होते. मी पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घ्यायचं, तीन फेरे मारायचे, आणि दर फेऱ्याला मागून गोपालनं खड्यानं मडक्याला भोक पाडायचं. महाराजांनी हात पुढे केला.

"खडा?"

लाकडांच्या बाजूला तो प्रश्न येत नाही. जमीन असते, खाली वाकून कोणीतरी दगड उचलतो. इथे सगळीकडे फरशी. गोपाल बाहेर पळाला, बाहेर सिमेंटचे ब्लॉक बसवलेले. मडक्यातलं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. महाराज म्हणाले, "ताई, लवकर."

खिडकीच्या कट्ट्यावर पाच-सहा खडे होते. कोणी रचून ठेवल्यासारखे नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्यापासून थोडा लांब, ओळख नसल्यासारखा. सगळ्यात टोकाला एक होता, लिंबाएवढा, तपकिरी, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. त्याला मळक्या दोऱ्याचा एक फेरा होता. तो माझ्या हाताशी होता, म्हणून मी तो घेतला. दोरा नखानं ओढून काढला आणि खाली टाकला. मग गोपालला हाक मारून खडा त्याच्या हातात दिला. कुठून आणला, हे त्यानं विचारलं नाही.

खडा गरम होता. पण त्या दिवशी अमरावतीला पंचेचाळीस होतं. सगळंच गरम होतं.

मडकं फुटलं. ट्रॉली आत गेली. दार खाली आलं. महाराजांनी खडा पांढऱ्या फडक्यात बांधून माझ्या ओंजळीत दिला.

"हे आता तुमचे बाबा, खुशालराव," ते म्हणाले. "दहा दिवस जपा. सकाळ-दुपार पाणी ठेवा, भात ठेवा. ओसरीवर ठेवजा, घराच्या आत नका नेऊ. दहाव्याले नदीत सोडायचं."

दोन तासांनी राख मिळाली. तांबड्या कापडात, लहान मडक्यात. दवाखान्यात हरवलेली बाबांची चप्पल तेवढी मिळाली नाही. डावीचा अंगठा तुटला होता आणि त्यांनी तो तांब्याच्या तारेनं बांधला होता. कोणी चोरेल अशी ती नव्हती.

४

खडा स्टीलच्या डब्यात, डबा ओसरीच्या कट्ट्यावर. आत्या आणि बाकीचे त्याच संध्याकाळी गेले, दहाव्याला येतो म्हणाले. घरात आई आणि मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास लाईट गेली. कूलर बंद पडला. ज्यांनी वऱ्हाडातला उन्हाळा काढलाय त्यांना ठाऊक आहे, कूलर बंद पडला की घर एकदम किती मोठं होतं. खसच्या ताट्यांतून पाणी टिपकत होतं, ते ऐकू येऊ लागलं. आणि फाटकाची कडी.

कडी ओढली गेली. उचलली नाही, नुसती ओढली. दोनदा, तीनदा. मग खडखड हलवून हलवून एकदाची निघाली. मग पावलं. दोन्ही सारखी, जड. मग ठप्प.

'अरे बाप्पा' आलं नाही. तिथे कोणीतरी अंगठा दुखतो तेवढा वेळ उभं राहिलं.

मी खिडकीतून पाहिलं. ओसरीवर डबा, पाण्याचा गिलास, ऊन. फाटक उघडं. कुत्रं असेल, लूचा वारा असेल, शेजारच्या बेबीताई येऊन परत गेल्या असतील. एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये, असं मी दर वर्षी फळ्यावर लिहिते.

तिसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच आवाज आले. दोन घटना झाल्या. चौथ्या दिवशी तीन.

आईनं तो आवाज माझ्या आधी ऐकायला सुरुवात केली. तीन वाजले की ती उठून बसायची, पदर सारखा करायची. ठप्प झालं की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी लहानपणी पाहिलं होतं, बाबा पगाराच्या दिवशी जिलबी घेऊन यायचे तेव्हा.

"आले," ती म्हणायची.

बाबा त्या पायरीला कधी ठेचकाळले होते का, एवढंच मला तिला विचारायचं होतं. तेवढं विचारलं असतं तर मग खिडकीच्या कट्ट्यावरचा खडा सांगावा लागला असता, आणि दोरा. ती रडली असती. तिनं आत्याला फोन केला असता. मी म्हटलं, उद्या सांगेन.

चौथ्या दिवशी कडी एकदाच खडखडली. पाचव्या दिवशी ती आधी उचलली गेली आणि मग ओढली. पायरीपाशी पावलं थांबली, अंदाज घेतल्यासारखी. ठप्प झालंच नाही.

त्या आवाजाला मी रोज दचकत होते. त्या दिवशी तो आला नाही, आणि मी उठून दाराची कडी लावली. तो जो कोणी होता, त्याला आमचं घर पाठ होत चाललं होतं.

५

सहाव्या दिवशी मी दळण घेऊन परत आले तर ओसरीवर डबा नव्हता. तो आत, बाबांच्या पलंगाच्या उशाशी होता.

महाराजांनी सांगितल्याची मी आईला आठवण करून दिली. ती म्हणाली की बाहेर कट्ट्याला हात लावून पाहा, पोळते. त्यांना ऊन सोसत नाही. बाबा आयुष्यभर रुळांवर उन्हात उभे होते. हेही मी बोलले नाही.

त्यानंतर आवाज बाहेरून यायचे थांबले. आत यायला लागले. स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जाताना आमच्याकडे भिंतीचा एक कोपरा पुढे आलेला आहे. दुपारी कूलर चालू असतानाही तिथे खांदा घासल्याचा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी तोही थांबला.

आईचं बोलणं कमी झालं. आधी मला वाटलं दुःख आहे, असू दे. पण ती हळू बोलत होती, भांडं ठेवताना दुसरा हात खाली धरत होती. माझ्या हातून पेला पडला तर तिनं मान खांद्यात ओढून घेतली आणि खोलीच्या दाराकडे पाहिलं. घरात दचकणारी मी होते. आई कधी दचकत नव्हती.

तिच्या डाव्या मनगटाभोवती काळंनिळं झालं होतं.

"बांगड्या काढताना लागलं," ती म्हणाली. "कॉलनीतल्या गोदाबाईनं जोरात ओढल्या."

खरंच ओढल्या होत्या. मी तिथेच होते. पण दोन दिवसांनी ती पोळ्या लाटत असताना बाही वर सरकली, तेव्हा दंडावर चार बोटं होती. शेजारी शेजारी चार, आणि मागे एक. दंडावर बांगड्या नसतात.

बाबांनी चाळीस वर्षांत आईला अगं म्हटलं नव्हतं. जमुनाबाई म्हणायचे, लग्नाच्या पहिल्या दिवसापासून. सगळे हसायचे.

मी तिचा दंड धरला तर तिनं सोडवून घेतला. म्हणाली, पोळी जळते.

६

नवव्या दिवशी सकाळी मी बेबीताईंची स्कूटी मागून घेतली आणि दाहिनीवर गेले. ते यंत्र चालवणारे बंडूभाऊ दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी ओढणीनं तोंड बांधलेलं. त्यांना वाटलं राख न्यायला आले. मी त्यांना विचारलं की खिडकीतले ते खडे कोणाचे.

ते म्हणाले की लोकांचेच. गॅसवर आलं की बऱ्याच जणांना पुढचं काही ठाऊक नसतं. कोणाला फ्लॅटमध्ये खडा न्यायचा नसतो, कोणाची दुसऱ्या दिवशीची गाडी असते. मग ठेवून जातात. फेकायला त्यांच्या जिवावर येतं आणि बंडूभाऊंच्याही.

"टोकाचा एक होता," मी म्हटलं. "तपकिरी. दोरा होता त्याला."

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"त्याले दोरा मीच बांधला होता," ते म्हणाले. "बाकीच्यात मिसळू नये म्हणून." मग पेपरची घडी घालत: "चांगली चार माणसं आली होती त्याच्यासंगं. बायको, दोन पोरी, जावई. रडलं कोणी नाही. राख नेली नाही. मी त्या बाईले म्हटलं, माय, खडा तरी ने घरी. त म्हणे, नाही. आता तरी घर आमचं राहू द्या."

मी विचारलं की तो खडा परत आणून ठेवला तर.

बंडूभाऊ माझ्या बांधलेल्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. माझे डोळे त्यांना ओळखू आले असावेत.

"मंग तुमच्या माणसाचा खडा कुठी आहे?" ते म्हणाले.

आत ट्रॉलीची चाकं रुळांवर वाजली, आणि मी इतकी दचकले की स्कूटीची किल्ली खाली पडली.

"घरच्यायले सांगून द्या, ताई," मागून ते म्हणाले. "दहाव्याच्या आत सांगा."

७

दहावा कौंडण्यपूरला, वर्धा नदीच्या काठी. आई घरीच थांबली. फडक्याची पुरचुंडी तिनंच पहाटे बांधून डब्यात ठेवली होती. डबा माझ्या मांडीवर होता. गाडीत आत्या पुढे बसली होती, गोपाल चालवत होता. तिवस्यापर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा आत्यानं मागे वळून विचारलं, ओकारी येते का.

घाटावर महाराजांनी फडकं सोडलं आणि खडा पिंडांपुढे ठेवला.

तो तो नव्हता. हा काळा होता, कोपरे असलेला, ताजा फुटलेला. आमच्या घरामागे बोअरच्या ओट्यासाठी टाकलेली गिट्टी आहे, तिच्यातला.

मी पाहिलं. बाकी कोणाला फरक कळायचं कारण नव्हतं. गोपालनं तो खडा दहा दिवसांपूर्वी हातात धरला होता, पण तो आता हेडफोनची वायर सोडवत होता.

कावळे होते. पलीकडच्या पिंपळावर सहा-सात, आणि एक खाली वाळूत, पिंडापासून हातभर. तो मान वाकडी करून माझ्याकडे पाहत होता, पिंडाकडे नाही. अर्धा तास गेला. तास गेला. वाळू तापली. आत्यानं हात जोडून मोठ्यानं सांगितलं की खुशाल, जमुनाचं आम्ही पाहू, घर विकणार नाही. गोपालनं सांगितलं की रागिणीचं लग्न चांगल्या ठिकाणी करू. कावळा हलला नाही.

"तू बोल वं," आत्या म्हणाली. "तुह्यावरच जीव होता त्याचा. काय राहिलं असंन ते तुलेच ठाऊक."

मला ठाऊक होतं. दोन वाक्यं होती. बाबा, मी तुमच्या जागी दुसऱ्याला घरी नेलं. बाबा, तो अजून घरीच आहे. पण बारा माणसं उन्हात बसली होती, आणि त्यांच्या मध्ये आत्या, जिनं आधीच सांगितलं होतं की भट्टीत विटा भाजतात. पोट्टीच्या हातात मडकं दिलं की हे असं होतं, हे ती आयुष्यभर सांगत फिरली असती, अकोल्यापासून भातकुलीपर्यंत. मला त्या क्षणी खरोखर तेवढंच दिसलं. आत्याचं तोंड.

"बाबा," मी म्हटलं, "आईला मी सांभाळते."

कावळा उडाला. नदीवरून पलीकडे गेला, आणि पिंपळावरचेही त्याच्या मागे गेले.

महाराजांनी घड्याळ पाहिलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. झालं म्हणाले. मी नदीकडे पाठ करून ती गिट्टी खांद्यावरून मागे टाकली. पाण्यात पडल्याचा आवाज आला, तेव्हा सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास घेतला.

८

घरी आल्यावर मी आईला एकटीला गाठलं. तिनं नाकारलं नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, खोलीच्या दारावर नजर ठेवून ती म्हणाली:

"त्यायनंच सांगतलं. मले नदीत नको टाकू म्हणे."

तेव्हा मी सगळं सांगितलं. खिडकी, दोरा, बंडूभाऊ. कुजबुजत सांगितलं, कारण तिनं मला हातानं तशी खूण केली. ती ऐकत होती. रडली नाही, रागावली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "मले सातव्या दिवशीच समजलं होतं, बाई. पण आता आत आले न ते."

खडा कुठे आहे ते तिनं सांगितलं नाही. मी उशा उसवल्या, धान्याचे डबे उपसले. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठाचा कोपरा फुटलेला होता. मी शोधणं सोडून दिलं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. त्याच दुपारी लाईट गेली.

मी समोरच्या खोलीत होते. झोपायच्या खोलीचं दार हातभर उघडं होतं. आई खाली बसली होती, पलंगाला टेकून, आणि तिचे दोन्ही हात पलंगावर होते. ती पाय चेपत होती. दाबायची, सोडायची, थोडं पुढे सरकायची, पुन्हा दाबायची. तिच्या तळव्यांखाली चादरीला एकही सुरकुती पडत नव्हती. हात चादरीपर्यंत पोचतच नव्हते. चार बोटं वर, कशावर तरी, थांबत होते.

बाबांनी कधी कोणाकडून पाय चेपून घेतले नव्हते. तो दुखरा पायही नाही.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

आधी उचलली गेली. मग ओढली.

सर्र-टप. सर्र-टप. ओसरीपाशी आल्यावर आवाज जरा मंदावला, उन्हातून आलेलं माणूस मंदावतं तसा. मग तीन पायऱ्या. पहिली उंच. बिनचूक.

मग दारावर, बोटाच्या पेरानं, दोनदा.

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती टकटक तिनं चाळीस वर्षं ऐकली होती. माझ्याआधी तिनं ओळखली. तिचं तोंड उघडलं, नुसतं उघडलं, आणि डोळ्यांतून पाणी खाली आलं. ती उठेल असं मला वाटलं. मग पलंग करकरला, कोणीतरी कूस बदलल्यासारखा. आईनं एक हात पुन्हा जागेवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून मला खूण केली, आणि मान हलवली.

"उघडू नको," ती अगदी हळू म्हणाली. "तुहे बाबा आत झोपून राहिले."

आमच्या दाराखाली दोन बोटं फट आहे. मी फरशीवर गाल टेकवला. बाहेरचं ऊन पांढरं होतं आणि त्यात दोन पाय होते, भेगाळलेल्या टाचा थोड्या वळलेल्या. कुठे भाजलेलं नव्हतं. डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता आणि तार उन्हात चमकत होती.

"रागू," दारापलीकडून आवाज आला. कोरडा. "पाणी."

माठ माझ्यापासून चार पावलांवर होता. कडी हाताच्या अंतरावर होती. उघडलं असतं तर ते आत आले असते, आणि आत पलंगावर जो होता तो उठला असता, आणि आई त्या दोघांच्या मध्ये होती. हे कारण मी नंतर शोधलं. तेव्हा काही कारण नव्हतं. मी फक्त घाबरले होते, नेहमीसारखी.

मी दुसरीकडे पाहिलं.

बराच वेळ पाय तिथेच होते. मग वळले. सर्र-टप.

९

जून लागला, कॉलेज सुरू झालं, मी अकोल्याला आले. पूर्वी मी बडनेऱ्याहून रोज गाडीनं जाऊन-येऊन करायचे. या वर्षी खोली घेतली. आई येत नाही. यांना कोण पाहील, म्हणते. आत्या सगळ्यांना सांगते की जमुनाचा किती जीव, घर सोडवत नाही तिच्यानं. माझ्याबद्दल काय सांगते ते मी विचारत नाही.

रोज तीन वाजता मी तास संपवून जिन्यात उभी राहते आणि आईला फोन लावते. ती उचलते, फार बोलत नाही. जेवलीस का, पाऊस आहे का. मग आम्ही दोघी गप्प राहतो, फोन चालू ठेवून. तिला ठाऊक आहे मी कशासाठी थांबते. सव्वातीनला कडी वाजते. वर उचलून, मग ओढून. सर्र-टप. तीन पायऱ्या. दोनदा टकटक. त्यानंतर जे होतं ते ऐकण्याआधी मी फोन ठेवते.

गेल्या आठवड्यात टकटक झाली नाही. खूप वेळानं बेल वाजली. बाबा बेल कधीच वाजवत नसत.

सोमवारी कडी पहिल्याच वेळी ओढली गेली, न उचलता. मग आठवल्यासारखी उचलली गेली.

आज कडी खूप वेळ खडखडत राहिली. ओढून, ढकलून, पुन्हा ओढून. मग ती निघाली. सर्र-टप, सर्र-टप, पण मध्ये मध्ये थांबून, घर नंबर वाचत यावं तसं. ओसरीपाशी पावलं आली.

ठप्प.

अंगठा आपटल्याचा, मग चप्पल घसरल्याचा. मग दुखरा पाय धरून कोणीतरी उभं राहिल्याची शांतता.

आतून, आईच्या मागून, एका पुरुषाचा आवाज आला. काय म्हणाला ते नीट कळलं नाही. विचारल्यासारखा होता.

"कोणी नाही," आई त्याला म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "पाव्हणे आले वाटते."

आणि तिनं फोन ठेवला.